पुढचे यान २६ महिन्यांनी

दूरच्या ग्रहावरील वसाहत हा विषय घेऊन विज्ञानकथांची मालिका लिहू पाहणाऱ्या, किंवा निदान तशी कल्पना मनात घोळवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकासाठी एकत्र घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत ग्रह कोणता याचा उल्लेख नव्हता. उत्तरे देताना मी मंगळ गृहीत धरला आहे. त्याचे कारण पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : मला बारा भागांची कथामालिका लिहायची आहे. सूर्यमालेबाहेरच्या एका काल्पनिक ग्रहावर माणसांची छोटी वसाहत आहे आणि पृथ्वीशी तिचा संपर्क तुटत चालला आहे, एवढे ठरले आहे. पुढे मात्र कथा सरकत नाही. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली कथा अडली याचे कारण, माझ्या मते, आपण ग्रह फार लांबचा निवडला हे आहे. काल्पनिक ग्रहावर लेखकाला आडवे येणारे काहीच नसते. हवा हवी असली की हवा असते, पाणी हवे असले की नदी वाहते आणि संकट हवे असले की ते आभाळातून पडते. येथे सगळे लेखकाच्या मर्जीवर चालले आहे हे वाचकाला दोन भागांत कळून चुकते आणि मग तो पात्रांची काळजी करणे सोडून देतो. म्हणून वसाहत मंगळावर आणावी, ही माझी पहिली सूचना. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास असते, आणि मातीत परक्लोरेटचे क्षार आहेत, जे थायरॉइड ग्रंथीच्या कामात बाधा आणतात. यातले काहीही आपल्याला बदलता येणार नाही, आणि गोष्ट नेमकी अशा अडवणुकीतूनच निघते.

मालिका लिहिणाऱ्याच्या सगळ्यात कामाची बाब म्हणजे मंगळाच्या प्रवासाचे वेळापत्रक. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि बेताच्या इंधनात प्रवास व्हावा अशी त्यांची स्थिती साधारण २६ महिन्यांनी एकदा, तीही काही आठवड्यांपुरती जुळून येते. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि त्याच महिन्यात अमेरिकेचे मेव्हन हे यानही निघाले, हा योगायोग नव्हता. जुलै २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती, चीन आणि अमेरिका या तीन देशांची याने दोन आठवड्यांच्या आत सुटली तीही याच कारणाने. ही वेळ हुकली तर काय होते, हे इनसाइट या यानाच्या बाबतीत दिसले. ते मार्च २०१६ मध्ये निघायचे होते, पण त्याच्या भूकंपमापकाच्या निर्वात कवचाला बारीकशी गळती लागली, ती वेळेत दुरुस्त होऊ शकली नाही, आणि यान प्रत्यक्षात निघाले ते मे २०१८ मध्ये. आता त्या यानात भूकंपमापकाऐवजी सत्तर माणसांच्या वसाहतीसाठी पंपांचे सुटे भाग, औषधे आणि बियाणे होते असे धरा. आपल्या बारा भागांचा आराखडा तेथेच उभा राहतो: पहिल्या भागात माल उतरतो, आणि पुढच्या प्रत्येक भागात त्यातला एकेक जिन्नस संपत जातो.

म्हणूनच मी आपल्या जागी असतो तर वसाहतीचा प्रमुख, सैनिक किंवा शास्त्रज्ञ यांपैकी कोणालाही नायक केले नसते. स्टोअरकीपरला केले असते. नोंदवहीत ‘फिल्टर, शिल्लक ११’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहे, फळीवर मोजले तर नऊच भरतात, आणि पुढचे यान यायला अजून एकोणीस महिने आहेत, एवढ्या प्रसंगातून पहिला भाग सहज उभा राहतो. कोणी नेले, का नेले, की मुळात माल उतरवतानाच मोजणीत घोळ झाला होता, या प्रश्नांपाशी वसाहतीतले प्रत्येक माणूस आपोआप येऊन उभे राहते. आणि फिल्टर कशाचे असावेत हेही ठरवणे अवघड नाही. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स या यांत्रिक बग्गीवरच्या मॉक्सी नावाच्या उपकरणाने मंगळाच्या हवेतून खरोखर प्राणवायू वेगळा करून दाखवला आहे. २०२१ ते २०२३ या काळात ते सोळा वेळा चालवले गेले आणि एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू मिळाला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे त्या सगळ्या खटाटोपातून एका माणसाची साडेतीन तासांची सोय झाली. सत्तर माणसांसाठी हेच यंत्र किती मोठे लागेल, त्यात धूळ जाऊ नये म्हणून काय काय करावे लागेल आणि ते बंद पडले तर साठा किती तास पुरेल, हा हिशेब आधी एका वहीत मांडा. हा हिशेब कथेत एकदाही आला नाही तरी चालेल, पण लेखकाजवळ तो नसला तर वाचकाला ते कळते.

संपर्क तुटत जाण्याची जी कल्पना आपण योजली आहे तिच्यासाठी ग्रीनलंडचा इतिहास पाहावा. दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांनी तेथे वस्ती केली. लोखंड आणि चांगले लाकूड त्यांना समुद्रापलीकडून आणावे लागे आणि त्याच्या बदल्यात ते वॉलरसचे दात पाठवीत. पुढे जहाजांचे येणे विरळ होत गेले. त्या वस्तीची शेवटची लेखी नोंद आहे ती १४०८ मध्ये ह्वाल्से येथील चर्चमध्ये लागलेल्या एका लग्नाची. हान्स एगेडे हे पाद्री १७२१ मध्ये त्या लोकांच्या वंशजांना शोधत गेले तेव्हा त्यांना इनुइट लोक भेटले. नॉर्स वस्तीचे पडके अवशेष तेवढे उरले होते. शेवटची नोंद लग्नाची असावी, दुष्काळाची किंवा लढाईची नसावी, हे कथाकाराने लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांचा संपर्क तुटत असतो त्यांना बहुधा ते त्या वेळी जाणवत नाही. त्यांच्या लेखी या वर्षीचे जहाज उशिरा येणार असते, इतकेच.

प्रश्न : माझ्या कथेत मोठ्या काचेच्या घुमटाखाली शहर आहे, आणि सुरुवातीलाच प्रचंड वादळात घुमट कोसळतो. एका मित्राने हे चुकीचे असल्याचे सांगितले. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्राचे म्हणणे बरोबर आहे, आणि दोन्ही बाबतींत. मंगळावरच्या घुमटाला कोसळण्यापेक्षा उडून जाण्याची भीती अधिक. आत पृथ्वीइतका हवेचा दाब ठेवला तर तो प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन इतक्या जोराने बाहेर ढकलत असतो आणि बाहेरून त्याला विरोध करणारे जवळजवळ काहीच नसते. दाब कमी ठेवून प्राणवायूचे प्रमाण वाढवता येते, पण मग आगीचा धोका वाढतो. ही तडजोड स्वतःच एका भागाचा विषय आहे. शिवाय काचेतून किरणोत्सर्ग सरळ आत येतो. क्युरिऑसिटी बग्गीने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मोजला आहे, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आसपास. पृथ्वीवर आपल्याला नैसर्गिक स्रोतांतून वर्षभरात दोन-तीन मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यामुळे तेथे राहणारी माणसे दोन-तीन मीटर मातीच्या थराखाली, बुटक्या छताच्या लांबट खोल्यांत राहतील आणि खिडकी ही चैनीची वस्तू असेल. ती कोणाच्या वाट्याला यावी यावरून जे राजकारण होईल ते घुमट कोसळण्यापेक्षा मला अधिक वाचनीय वाटते.

वादळाचे म्हणाल तर मंगळाची हवा इतकी विरळ आहे की ताशी शंभर किलोमीटर वेगाचा वारासुद्धा अंगाला आपल्याकडच्या मंद झुळकेइतकाच जाणवेल. वादळाचा खरा धोका अंधाराचा आहे. २०१८ मध्ये सगळा ग्रह धुळीने झाकला गेला, ऑपॉर्च्युनिटी बग्गीच्या सौरपट्ट्यांना ऊन मिळेनासे झाले, १० जून रोजी तिचा शेवटचा संदेश आला आणि पुढे आठ महिने हाका मारूनही ती उठली नाही. मुळात मंगळावर पोहोचणारे ऊनच पृथ्वीच्या तुलनेत ४३ टक्के असते. तेव्हा घुमट फोडण्याऐवजी दिवे मंद करा. एका आठवड्यात स्वयंपाकघर बंद, दुसऱ्यात रोपवाटिकेतले अर्धे दिवे बंद, तिसऱ्यात सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचे, अशा क्रमाने येणारे वादळ आपल्याला चार भाग पुरेल.

जागेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. वसाहत उत्तर गोलार्धात, ३५ ते ४५ अक्षांशांच्या पट्ट्यात ठेवावी. तेथे ऊन बरे मिळते आणि जमिनीखाली बर्फ असल्याचे पुरावेही आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये अॅमेझॉनिस मैदानात एक उल्का आदळली तेव्हा ३५ अंश अक्षांशावरसुद्धा बर्फाचे मोठाले तुकडे उघडे पडलेले दिसले.

प्रश्न : इतक्या कमी माणसांच्या वसाहतीत खलनायक कोणाला करावे? परग्रहवासी आणू नयेत असे मी ठरवले आहे, पण मग संघर्ष कसा निर्माण होणार? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : परग्रहवासी आणायचे नाहीत हे चांगले ठरवलेत. खलनायकही आणू नये असे मी सुचवीन, कारण बंद जागेत अडकलेल्या भल्या माणसांची भांडणे पुरेशी भयंकर असतात आणि त्याचा एक लेखी, तपशीलवार दाखला उपलब्ध आहे.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात बायोस्फिअर २ नावाची सुमारे सव्वा हेक्टरची काचेची बंदिस्त वास्तू आहे. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया तिच्यात दोन वर्षांसाठी स्वतःला कोंडून घेऊन राहिले. अन्न आत पिकवायचे, पाणी आतच शुद्ध करायचे, हवाही आतलीच. सुरुवातीच्या काही दिवसांतच भाताच्या यंत्रात एका स्त्रीच्या बोटाचे टोक गेले; तिला शस्त्रक्रियेसाठी काही तास बाहेर न्यावे लागले, आणि परत येताना तिच्याबरोबर एक पिशवी आत आली, यावरून बाहेरच्या जगात मोठा गदारोळ झाला. त्यानंतर आतला प्राणवायू हळूहळू कमी होऊ लागला. मूळचे २०.९ टक्क्यांचे प्रमाण सोळा महिन्यांत १४ टक्क्यांच्या जवळ आले, माणसांना जिना चढताना धाप लागू लागली, आणि तो जातो कोठे हे कोणालाच कळेना. अखेर उलगडा झाला तो असा: सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतले जिवाणू प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो वायू बांधकामातले काँक्रीट शोषून घेत होते. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. तोवर त्या आठ जणांचे चार-चारांचे दोन गट पडले होते. बाहेरून मदत घेऊन प्रयोगाचे विज्ञान वाचवावे, की काहीही झाले तरी दार बंद ठेवण्याचा शब्द पाळावा, असा तो वाद होता. एकमेकांशी बोलणे टाकलेली ही माणसे रोजची शेतीची कामे मात्र शेवटपर्यंत वेळच्या वेळी करीत राहिली, कारण ती केली नसती तर सगळेच उपाशी राहिले असते.

यात चूक कोणाची, हे ठरवून पाहा. मला ते कधी जमलेले नाही, आणि कथेसाठी हीच त्यातली मोठी सोय आहे. प्राणवायू चोरणारा काँक्रीटचा खांब हा कोणत्याही दुष्ट पात्राहून सरस गुन्हेगार आहे, आणि त्याचा शोध लागेपर्यंत प्रत्येकाने प्रत्येकावर संशय घेऊन झालेला असतो.

दुसरा दाखला एकाच माणसाचा आहे. अंटार्क्टिकावरील शिरमाखर ओअॅसिस या भागात सोव्हिएत संघाचे नोव्होलाझारेव्स्काया हे ठाणे १९६१ मध्ये नुकतेच उभे राहिले होते आणि बारा माणसांत लिओनिद रोगोझोव्ह हे २७ वर्षांचे एकमेव डॉक्टर होते. त्यांनाच अॅपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. हिवाळा लागलेला, विमान येणे अशक्य. ३० एप्रिल रोजी त्यांनी स्वतःचे पोट स्वतः कापून अॅपेंडिक्स काढले. हवामानतज्ज्ञ अवजारे हातात देत होता आणि वाहनचालक आरसा धरून उभा होता. पण आरशात सगळे उलटे दिसत असल्याने रोगोझोव्ह यांनी बरेचसे काम हातमोजे न घालता, बोटांनी चाचपून केले. अर्ध्या-पाऊण तासानंतर भोवळ येऊ लागली तेव्हा दर चार-पाच मिनिटांनी ते काही सेकंद थांबत. पावणेदोन तासांनी टाके घालून झाले आणि दोन आठवड्यांत ते कामावर रुजू झाले. या प्रसंगावर कथा लिहायची झाल्यास मी ती डॉक्टरच्या बाजूने लिहिणार नाही. आरसा धरणाऱ्या चालकाच्या बाजूने लिहीन, कारण त्याला डोळे मिटण्याचीही मुभा नव्हती.

प्रश्न : वसाहतीतील पात्रे पृथ्वीवरच्या अधिकाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, असे दाखवले तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालणार नाही. मंगळ जवळात जवळ असताना रेडिओ संदेशाला जायला तीन मिनिटे लागतात आणि लांबात लांब असताना सुमारे बावीस. उत्तर यायला त्याच्या दुप्पट. यावर लेखकमंडळी एखादे काल्पनिक यंत्र शोधून पळवाट काढतात, पण त्यामुळे हातातले चांगले साधन जाते. एक पंप तापू लागला आहे, सकाळी दहा वाजता पृथ्वीला कळवले आहे, तिकडे अभियंत्यांनी पंधरा-वीस मिनिटे खल करून सविस्तर उत्तर पाठवले आहे, ते पोहोचते तेव्हा अकरा वाजून गेलेले आहेत, आणि दरम्यान येथल्या माणसांनी पंप उघडून त्याचे भाग टेबलावर मांडलेले आहेत, अशी कल्पना करा. सल्ला अगदी बिनचूक आहे, पण तो चालू पंपासाठी आहे. असे तीन-चारदा झाले की वसाहतीतले लोक विचारण्याचे सोडून नुसते कळवू लागतात, आणि पुढे कळवणेही लांबणीवर टाकतात. सत्ता कशी सरकते हे दाखवायला याहून वेगळे बंड लागत नाही.

आणखी एक सोय खगोलाने करून ठेवली आहे. दर २६ महिन्यांतून एकदा सूर्य बरोबर मधे येतो आणि सुमारे दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणे थांबवले जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पोहोचलेल्या यानांना ही शांतता त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आली, म्हणजे माल उतरल्यानंतर आठ महिन्यांनी. मालिकेतील मोठा निर्णय त्या पंधरवड्यात घ्यायला लावावा.

प्रश्न : वसाहतीत चोरी किंवा खून झाला तर कोणत्या देशाचा कायदा लागू होईल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला कोणत्याही खगोलीय वस्तूवर मालकी सांगता येत नाही, पण अवकाशात पाठवलेली वस्तू ज्या देशाच्या नोंदवहीत असेल त्या देशाचा अधिकार तिच्यावर आणि तिच्यातल्या माणसांवर कायम राहतो. म्हणजे मंगळाची जमीन कोणाचीच नाही, मात्र तिच्यावर ठेवलेली खोली कोणाची तरी आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी झालेल्या १९९८ च्या करारात फौजदारी बाबतीत प्रत्येक देशाने आपापल्या नागरिकावर अधिकार राखला आहे. आता चार देशांच्या खोल्या एका बोळाने जोडलेल्या आहेत, बोळ पाचव्याच देशातील एका कंपनीने बांधला आहे आणि फिल्टर सापडले ते बोळात, अशी मांडणी करून पाहा. वकिली पेशातल्या वाचकांना तरी मालिका सोडवणार नाही.

पाण्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जमीन कोणाची नसली तरी खणून काढलेला बर्फ कोणाचा? अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यांनी काढलेल्या खनिजावर खासगी मालकी मान्य केली आहे. भारताने जून २०२३ मध्ये सही केलेल्या आर्टेमिस या अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या अवकाश-सहकार्याच्या करारनाम्यातही साधनसंपत्ती काढणे १९६७ च्या कराराच्या विरोधात नाही अशी भूमिका आहे, आणि कामाच्या जागेभोवती सुरक्षाक्षेत्र आखण्याची तरतूद आहे. बर्फाच्या खाणीभोवतीचे हे क्षेत्र दर वर्षी थोडे थोडे मोठे होत जाते, एवढे दाखवले तरी पुरे.

प्रश्न : मालिकेच्या शेवटी वसाहत टिकावी की नष्ट व्हावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : या दोन्हींखेरीज तिसरा पर्याय आहे, तो म्हणजे सोडून जाण्याचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात दूरवर असलेल्या सेंट किल्डा या बेटावरून २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ रहिवाशांना त्यांच्याच अर्जावरून हलवण्यात आले; तरुण माणसे निघून गेल्यावर बोटी वल्हवायला आणि कड्यांवर चढायला हात उरले नव्हते. याउलट दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कुन्या बेटावर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्या लोकांना इंग्लंडला आणले गेले. तेथे घरे होती, नोकऱ्या होत्या, दवाखाने होते. तरीही मतदान झाले तेव्हा बहुतेकांनी परत जाण्याचा कौल दिला आणि १९६३ मध्ये ते परतले. आजही तेथे अडीचशेच्या आत-बाहेर माणसे राहतात.

माझा कल ट्रिस्टनकडे आहे, परंतु मंगळाच्या बाबतीत त्यात एक मेख आहे. तेथे जन्मलेल्या मुलाचे शरीर पृथ्वीच्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात वाढलेले असेल. अशा परिस्थितीत माणूस वाढला तर काय होते याचा अनुभव मानवजातीला मुळीच नाही. कमी गुरुत्वाकर्षणात पृष्ठभागावर काढलेला सर्वांत मोठा काळ म्हणजे अपोलो १७ च्या दोघा अंतराळवीरांनी चंद्रावर काढलेले ७५ तास. भारहीन अवस्थेत मात्र हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, हे ठाऊक आहे. त्यामुळे सोडून जाण्याचा ठराव आला की मोठ्यांना परतीचा मार्ग असेल आणि मुलांना कदाचित नसेल. ट्रिस्टनचे मतदान कोणाला घ्यायचे असेल त्याने या अटीवर घेऊन पाहावे.

प्रश्न : मंगळावर जन्मलेल्या दहा वर्षांच्या मुलीचे वय कसे सांगावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे असते, तेव्हा ती तेथल्या हिशेबाने सव्वापाच वर्षांची होईल. ऋतूही समान लांबीचे नाहीत. उत्तर गोलार्धातला वसंत १९४ मंगळदिवसांचा, तर शरद १४२ दिवसांचा. कथेत एकच पद्धत ठरवावी आणि तिला चिकटून राहावे. दोन्ही वये कंसात देत बसलात तर वाचक कंटाळेल.

प्रश्न : वसाहतीत मराठी कुटुंब दाखवले तर ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल का? आणि दाखवलेच तर सणवार, उपासतापास यांचे काय करावे? (एक वाचक, वास्को, गोवा)

उत्तर : आपण वास्कोहून लिहिता म्हणून सांगतो, ओढूनताणून काही करावे लागणार नाही. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आपल्याच गावात आहे, आणि भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ मध्ये निघालेल्या मोहिमेतून भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह तेथे गेल्या. मैत्री हे आपले ठाणे १९८९ पासून त्याच शिरमाखर ओअॅसिसमध्ये, रोगोझोव्ह यांच्या ठाण्यापासून काही किलोमीटरवर आहे, आणि २०१२ मध्ये उभे राहिलेले भारती हे ठाणे जहाजावरच्या १३४ कंटेनरांपासून बांधलेले आहे. उन्हाळी जहाज गेल्यावर मागे राहणारी वीस-पंचवीस माणसे पुढचे कित्येक महिने एकमेकांखेरीज कोणालाही पाहत नाहीत. डिझेल जनरेटरवाला, स्वयंपाकी, डॉक्टर, हवामानखात्याचा माणूस अशी ही माणसे असतात. मंगळावरचे आपले पात्र याच वाटेने आले असे दाखवावे. त्याच्या पहिल्या नोकरीची जागा वास्को आणि पहिला हिवाळा मैत्रीवर. त्याचे मराठीपण आडनावात आणि फोडणीत दाखवण्यापेक्षा त्याच्या बोलण्यातल्या आडवळणात दाखवलेले बरे.

उपासांपैकी संकष्टीचा मात्र खरोखरच घोळ होणार आहे. मंगळाला फोबॉस आणि डायमॉस असे दोन चंद्र आहेत. फोबॉस पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो आणि साधारण अकरा तासांनी पुन्हा उगवतो, त्यामुळे त्याचा चंद्रोदय धरणाऱ्याचा उपास दिवसातून दोनदा सुटेल. डायमॉस इतका सावकाश सरकतो की त्याचा धरणाऱ्याचे हाल विचारू नका. पृथ्वीचा चंद्र तेथून पृथ्वीशेजारच्या एका बारीक ठिपक्यासारखा दिसतो. व्यवहार्य मार्ग म्हणजे पंचांग पुण्याचे किंवा पणजीचे वापरणे. पण मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा असल्यामुळे दोन्हीकडची घड्याळे रोज जवळपास चाळीस मिनिटांनी सरकत जातात आणि छत्तीस-सदतीस दिवसांनी पुन्हा जुळतात. त्यामुळे एका महिन्यात पुण्याचा चंद्रोदय वसाहतीतल्या पहाटे येईल, तर पुढच्या महिन्यात भर रात्री, आणि स्वयंपाकघराची पाळी ठरवणाऱ्या स्टोअरकीपरला त्या रात्रीचे जेवण कोणत्या दिवसाच्या शिध्यात धरायचे ते लिहून ठेवावे लागेल.